ठकूबाईचं व्हिएतनामी मागणं

दहिवलीच्या ठकूबाईला 'तुम्ही नुसत्या गप बसा' असं आजवर दोघांनीच सांगितलं. पहिल्या म्हणजे अंगणवाडीच्या एक सुपरवायझर बाई. त्यांची पुढं काय गत झाली, ते दहिवलीत कुणालाही विचारा. दुसरा तिचा पोटचा पोरगा, केतन.

केतन हॉटेलच्या लाईनीतला. कर्जतच्या एका फार्महाऊसवर चुलीपुढं उभा राहून शिकला आणि तिथून थेट व्हिएतनामला गेला. दा नांग नावाच्या शहरात एका इंडियन हॉटेलात आचारी झाला. तिथंच लान नावाची मुलगी त्याला आवडली आणि रीतसर लग्न करायचं ठरलं. आता तिकडची रीत अशी, की मुलाकडच्यांनी पानसुपारीची तबकं घेऊन मुलीच्या घरी जायचं, तिथल्या वडीलधाऱ्यांसमोर उभं राहायचं आणि तोंडानं मागायचं, तुमची मुलगी आम्हाला द्या. केतनचे वडील तो शाळेत असतानाच गेले. म्हणून चुलता श्रीपत बरोबर येणार, मागणं घालायला तिकडचाच एक बोलका गृहस्थ केतननं ठरवलेला. आईला त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं, "आई, तू नुसती गप बस आणि हस. बाकी तो माणूस बघंल."

फोन ठेवल्यावर ठकूबाईनं भाकरी अशी थापली की शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं. नुसती हस! अरे वा रे वा! नवऱ्यामागं या पोराला वाढवला कुणी? त्याचं दुखलंखुपलं कुणी काढलं? आणि त्याच्यासाठी पदर पसरायची वेळ आली, तर तिथं कोण, तर ओळखीचा ना पाळखीचा कुणी गृहस्थ. तिला फार लागलं ते. तिनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता ठरवलं, मागणं मीच घालणार. आणि त्यांच्याच भाषेत घालणार.

श्रीपतची मुलगी पौर्णिमा कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स आहे. संध्याकाळी ती कामावरून आली, तशी ठकूबाई तिच्या दारात उभी.

"पौर्णे, त्या लोकांची भाषा फोनवर शिकवतात ना गं?"

"शिकवतात की. पाणी द्या, संडास कुठाय, एवढं चार शब्दांचं शिक काकू. प्रवासाला बास."

"ते शिकीनच. पर मला एक मोठं वाक्य पायजे."

वाक्य काय ते ऐकून पौर्णिमा आधी हसली आणि मग हसायची थांबली. तिनं गुपचूप लानलाच निरोप धाडला. लाननं ते वाक्य स्वतःच्या आवाजात भरून पाठवलं, आणि केतनला यातलं अक्षर सांगणार नाही असं कबूल केलं. पोरगी गुणाची, हे ठकूबाईनं तिथंच ओळखलं.

तर शिकणं सुरू झालं. सकाळी भांडी घासताना, दुपारी तांदूळ निवडताना, फोन डब्याला टेकवलेला. सिन चाव म्हणजे नमस्कार. काम अन म्हणजे आभार. सिन लोय म्हणजे माफ करा. खोम म्हणजे नाही, नको. बा म्हणजे बाप नव्हे, आजी. 'ङॉन' म्हणजे चवदार, आणि या शब्दाशी तिची गाठ पडली तेव्हा ती एकटीच खदाखदा हसली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचा जन्म गेला. भिंतीवरच्या तक्त्यातले 'ङ' आणि 'ञ' तिनं किती वर्षं पुसले, पण त्यांचं कधी कुणाला काम पडलेलं पाहिलं नव्हतं. "म्हंजे हे इकडं राहतात होय!" ती म्हणाली.

खरा घोळ सुरांचा. आवाज वर गेला की एक अर्थ, खाली पडला की दुसराच. पौर्णिमा डोकं धरून बसली, पण ठकूबाईला त्यात नवल वाटेना. "अगं, 'काय गं' आपण किती परीनं म्हणतो? लाडानं येगळं, भांडताना येगळं. तसंच हाय हे." आणि पाठांतराचं म्हणाल, तर विहारात दर पौर्णिमेला पालीतली वंदना सगळी दहिवली म्हणते. प्रत्येक शब्दाचा अर्थ कितीजणांना येतो? पण कुणी एक मात्रा चुकू द्या, ठकूबाई मान वळवून बघणारच. परकी भाषा तोंडात बसवायची तिला लग्न होऊन आल्यापासून सवय.

रिक्षावाल्या नागूनं नाक्यावर टोमणा मारलाच. "ठकूमावशी, कुणाशी बोलतेस गं एकटीच? लागीर झालं काय?"

"तुज्या रिक्षाला व्हिएतनामीत शिव्या घालते," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

बौद्ध लग्नकार्याला पांढरी साडी नेसायची इकडची पद्धत. पण तिकडं पांढरं दुःखाचं, असं लाननं कळवलं, म्हणून तिनं निळी भारी साडी घेतली. श्रीपतनं कोट शिवला. विमानात तो डोळे मिटून बसला, आणि ठकूबाई ओठ हलवत बसली.

लानचं घर दा नांगच्या बाहेर, भातशेतीच्या कडेला. समोरासमोर दोन रांगा खुर्च्या, मध्ये लाल कपड्यानं झाकलेली तबकं, भिंतीशी वाडवडिलांचे फोटो आणि उदबत्त्या. घरात मोठी लानची आजी. वाळलेली, ताठ बसलेली, नजर धारदार. केतन आईच्या कानाशी लागला, "आता आजी पान देईल. पान घेतलं की बोलणी सुरू. मग तो गृहस्थ उठंल."

आजी उठली. पानाचं तबक दोन्ही हातांनी धरून ठकूबाईसमोर आली.

आणि ठकूबाई हात हलवत, गोड हसून म्हणाली, "खोम, खोम. काम अन."

नको, नको, आभारी आहे! आता दहिवलीत वरमाईनं पहिल्या हाकेला काही उचललं तर बायका महिनाभर नाव ठेवतील. नको म्हणायचं, समोरचीनं आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्या खेपेला कुठं बोट लावायचं. ठकूबाई दुसऱ्या आग्रहाची वाट बघत हसत बसली. सुरासकट अगदी चोख म्हणाली होती बाई ती, तिथंच घात झाला.

आजीनं तबक हळूच मागं घेतलं. लानचा चेहरा पडला.

"आई, काय बोललीस!" केतन दबक्या आवाजात म्हणाला. "पान नाकारलंस! मंजे लग्नालाच नाय म्हणालीस तू!"

समोर तो बोलका गृहस्थ सावरासावर करायला खुर्चीतून उठत होता. श्रीपत कोटाच्या बटणाशी खेळत होता. पाठ केलेलं वाक्य ठकूबाईच्या डोक्यातून पार उडालं. आपल्या हातानं आपण पोराच्या संसारात माती कालवली, या विचारानं तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

पण गप बसेल तर ती ठकूबाई कसली. ती उठली. त्या गृहस्थाला तिनं हातानंच बसवलं. आजीसमोर जाऊन मान झुकवली आणि म्हणाली, "सिन लोय, बा. सिन लोय." मग स्वतःच्या हातानं तबकातला विडा उचलला आणि सबंध तोंडात घातला. आजी तिच्याकडं बघत राहिली, आणि मग तिनंही एक विडा उचलून गालात धरला.

तोंडात पान धरून बोलायला दहिवलीच्या बायकांना शिकवावं लागत नाही. दोन चावे झाले आणि वाक्य जसंच्या तसं जिभेवर आलं.

"थुआ बा, तोय ला मे कुआ केतन. सिन बा चो लान वे लाम याउ ञा तोय."

आजी, मी केतनची आई. लान आमच्या घरी सून म्हणून द्या.

केतनचं तोंड उघडं ते उघडंच. लाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजीनं पान या गालातून त्या गालात घेतलं आणि बोलायला लागली. श्रीपतकडं बघून नाही, त्या गृहस्थाकडं बघून नाही, केतनकडं तर नाहीच. ठकूबाईचा हात हातात घेऊन, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश, लांबलचक बोलत राहिली. मध्येच तिनं लानला हाक मारली आणि ठकूबाईच्या शेजारी आणून उभी केली.

केतन घाईघाईनं पुढं आला. "आई, ती काय म्हणते सांगतो..."

"थांब रं," ठकूबाई म्हणाली. "त्या माज्याशी बोलतायत."