समोरच्या अण्णांचं गाव

माळशिरसहून लग्न होऊन सोलापूरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि तसंच लोटून घेतलं. बाहेर गल्लीच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर नुसतं सूत ताणलेलं होतं, डाळिंबी रंगाचं. कोवळ्या उन्हात ते इतकं हलकं दिसत होतं, की खाली जमीन आहे की नाही अशी शंका यावी. आत येऊन मी यांना म्हटलं, "कुणीतरी रस्त्यावर लुगडं वाळत घातलंय. लई लांब हाय." आमचे हे शाळामास्तर. हसून हसून त्यांना ठसका लागला. "लुगडं नव्हे, लुगड्याच्या आधीचं आहे ते," म्हणाले. "आणि लई नव्हे, फार."

भवानी पेठेतली ती गल्ली तेलुगू विणकरांची. त्यात आमचं एकच बिऱ्हाड मराठी. घराघरात जमिनीत खड्डा खणून त्यावर माग बसवलेला, आणि विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावून वाळवावं लागे. एवढी लांबी घरात कुठून आणायची, म्हणून मग गल्लीत. ओला ताणा मोठा नाजूक. एखादी म्हैस त्यातून गेली की त्या घराची चूल थंड पडलीच म्हणून समजा. म्हणून ताणा बाहेर असला की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हात वर करून उभं राही, आणि येणारा जाणारा थांबे. टांगेवाला थांबे, भाजीवाली थांबे, घाईत असलेले आमचे मास्तरही थांबत. कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

उभे राहायचे ते बहुतेक समोरचे अण्णा. उंच, सडपातळ, कोपरापर्यंत खळीचे पांढरे डाग. त्यांचा हात झटक्यानं वर जात नसे. घोड्याच्या कपाळावरून हात फिरवावा तसा सावकाश उठे, आणि समोरचा माणूस कसा कोण जाणे, आधीच थांबलेला असे. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायची. अक्का मला मास्तरीणबाई म्हणे, आणि मी वयानं लहान असून अहोजाहो करी. तिनं मला चिंचेचा चारू, म्हणजे त्यांच्याकडचं सार, करायला शिकवलं. मी तिला काय शिकवलं? थोडं मराठी, तेही माळशिरसचं, म्हणजे यांच्या मते बिघडवलंच.

मग मिठाच्या सत्याग्रहाचा, तीस सालचा तो वैशाख आला. गोळीबार झाला, माणसं गेली, कोर्ट पेटलं. दोन दिवस आकाशात धूर दिसत होता आणि उन्हाला जळक्या कागदाचा वास येत होता. आणि एका सकाळी कळलं की पोलीस शहर सोडून गेले. गेले म्हणजे काय, हे आधी माझ्या ध्यानातच येईना. पाऊस जातो, पाहुणे जातात, पण पोलीस कसे जातील? दळण घेऊन निघाले तर चौकीचं दार सताड उघडं, आणि आतल्या बाकावर एक शेळी निवांत रवंथ करत बसलेली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, आता घरं लुटली जाणार, आपल्या मंगळसूत्रावर हात पडणार, असंच मला वाटलं.

पण तसलं आमच्याकडे काही झालं नाही. ते दिवस आठवले की अजून मला त्यांचा आवाज आठवत नाही, फक्त उजेड आठवतो. कडक ऊन, आणि त्या उन्हातून माणसं पाण्यातून चालावीत तशी संथ चाललेली. नवी पेठेत सराफांची दुकानं उघडी होती. गल्लीगल्लीतली पोरं पाळीनं गस्त घालत होती. आणि मोठ्या रस्त्यावरच्या चौकात, जिथं एरवी निळ्या डगल्यातला शिपाई शिव्या घालत उभा असे, तिथं आमचे अण्णा उभे होते, उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून. कुणी पाठवलं नव्हतं. दोन बैलगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, त्या त्यांनी सोडवल्या, आणि मग तिथंच राहिले. हात सावकाश वर जाई आणि गाड्या थांबत. कापडाच्या एका बड्या व्यापाऱ्याचा टांगा थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला. शेठजींनी अण्णांकडे बघून मान डोलवली, जशी देवळातल्या पुजाऱ्याला डोलवतात. स्वप्नात आपण उडतो आणि त्याचं नवल वाटत नाही, तसं त्या दिवसांत कुणालाच नवल वाटत नव्हतं. मला मात्र आनंद झाला होता. का, ते सांगता यायचं नाही.

मग गोरे सोजीर आले आणि मार्शल लॉ पुकारला. पांढरी टोपी दिसली की धरत, म्हणून यांची टोपी पेटीच्या तळाशी गेली. गेलेले शिपाईही परत आले, आणि चौकीतली शेळी कुठं गेली ते ज्याचं त्याला ठाऊक. थोड्याच दिवसांत बोलवा झाली की मधल्या काळात ज्यांनी पोलिसांचं काम केलं त्यांना धरताहेत. गाड्या थांबवल्या हाही गुन्हा. एक शिपाई आमच्या गल्लीत दारोदार विचारत आला, "चौकात कोण उभं राहायचं?"

"आमी बायका माणसं. चौकात कशाला जातोय?" मी म्हटलं. पुढच्या घरी म्हणाले, आम्ही गावातच नव्हतो. कोपऱ्यावरची म्हातारी, जिला मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, ती म्हणाली, "मला दिसलं न्हाई बाबा." अख्ख्या गल्लीत खरं बोलली ती तेवढीच.

अण्णा घराबाहेर पडेनात. मागाच्या खड्ड्यात बसून असत. अक्का पाणी भरायला यायची तेव्हा तिचे डोळे सुजलेले असत. तिला एकच भीती होती, नवऱ्याला धरून नेतील. "ह्यांनी काय चोरी केली का, मास्तरीणबाई?" ती विचारी. "लोकाला वाट दिली की."

पण पोट थांबत नाही. आणलेलं सूत किती दिवस घरात ठेवायचं? एका सकाळी त्यांनी ताणा बाहेर काढला. निळा होता. खळ लावून झाली, पोरांनी काठ्या धरल्या, आणि अण्णा आपल्या जागी, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी खिडकीत तांदूळ निवडत होते. सोजिरांची लॉरी मोठ्या रस्त्यानं आली आणि आमच्या गल्लीकडे वळली.

अण्णांचा हात वर गेला.

आणि लॉरी थांबली. थांबली हो. चालवणारा सोजीर पोरसवदा होता. त्यालाही आपण का थांबलो ते कळलं नसावं. क्षणभर सगळं तसंच राहिलं, निळं सूत, तो हात, लॉरीची धूळ. मग साहेब खाली उतरला आणि मला कळलं की ज्याला शोधत होते तो त्यांना सापडला.

इंग्रजी येणारं कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा हे सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर गेले. गाड्या थांबवायचा हुकूम तुला कुणी दिला, असं साहेबानं विचारलं.

"हुकूम कशाला लागतोय?" अण्णा म्हणाले. "मी हात केला, लोक थांबले. थांबले नसते तर मी घरी आलो असतो की."

यांनी ते शब्दाला शब्द सांगितलं. साहेबाला तो उर्मटपणा वाटला. त्यानं विचारलं, गाव कुठलं?

आता हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. सोलापुरात तेव्हा गाव विचारलं तर सोलापूर असं कुणी सांगत नसे. गाव म्हणजे आजोबाचं गाव. सोलापूर सांगणं म्हणजे मला वाडवडील नाहीत असं सांगणं. माझं अर्धं आयुष्य सोलापुरात गेलं, तरी मी माळशिरसच सांगते. अण्णा ताठ उभे राहिले आणि त्यांनी मोगलाईतल्या एका खेड्याचं नाव घेतलं. निजामाच्या राज्याला आमच्याकडे मोगलाई म्हणत. मोठ्या अभिमानानं घेतलं.

त्यांना नेलं. हे मागोमाग कचेरीत गेले आणि दुपारी परत आले ते पायातल्या वहाणांसकट भिंतीला टेकून बसले. माणूस परमुलखातला आहे, असं ठरलं होतं. शहरात दंगा करायला बाहेरून आलेला. संध्याकाळच्या गाडीनं हद्दपार, पुन्हा सोलापुरात पाय ठेवायचा नाही.

"मी सांगितलं त्यांना," हे म्हणाले. "हा इथंच जन्मला, याच गल्लीत. तर साहेब म्हणाला, तो स्वतः सांगतोय ना आपण कुठला ते."

मला इतका राग आला की काय करावं ते सुचेना. साहेबाचा आला, आणि अण्णांचाही आला. एक शब्द वेगळा बोलले असते तर काय बिघडलं असतं?

उन्हं कलल्यावर अक्का निरोप घ्यायला आली. डोक्यावर बोचकं, कडेवर धाकटी. बाहेरचा ताणा शेजाऱ्यांनी गुंडाळून आपल्या घरात नेला होता. अक्काही इथलीच, दोन गल्ल्या पलीकडं तिचं माहेर. दुष्काळात सासरा लहानपणी गाव सोडून आला, त्यानंतर तिकडं कुणी गेलेलं नव्हतं. लग्नात आणि श्राद्धात तेवढं गावाचं नाव घ्यायचे.

"मास्तरीणबाई, ते गाव कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी तिला उंबऱ्यापाशी नेलं आणि उगवतीकडं बोट केलं. त्यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. तिनं कडेवरची पोर सावरून घेतली.

"आन् तितं लोकांनी इचारलं, तुमचं गाव कुठलं, तर आमी काय सांगायचं?"

"सोलापूर सांगा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.