अण्णांचा इटलीतला जनरल

"तुमचा जर्मन ऱ्हाऊ दे बाजूला. आमचा जनरल सगळ्यात हुशार," असं म्हणत अण्णा चहाची बशी बाकड्यावर पालथी घालायचे. बशी म्हणजे इटलीतला डोंगर. आमच्या कोल्हापुरातल्या चहाच्या गाडीवर हा डोंगर रोज सकाळी उभा राहायचा.

आम्ही तिघे पेन्शनर. फिरायला म्हणून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या महायुद्धात सगळ्यात हुशार सेनापती कोण, यावर घसा बसेपर्यंत भांडायचं, हाच आमचा व्यायाम. मी वाळवंटातल्या जर्मनाच्या बाजूचा, माझा मित्र रशियनांचा. अण्णा मात्र एका अशा इंग्रजाला धरून बसलेले, ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. असा हट्टी म्हातारा तुमच्याही गल्लीत असेल. ऐंशी उलटली तरी हार मानेल तर शप्पथ.

"अण्णा, तो जनरल पावणा लागतो काय तुमचा?" मी चिडवायचो.

"तसंच समज की."

एकदा ते आजारी म्हणून घरी गेलो. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो, हार घातलेला. शेजारी वर्दीतला एक कोवळा पोरगा, हाराशिवाय.

"आमचं वडील, आबा," ते म्हणाले. "मी पोटात असताना इटलीला गेलं. बेपत्ता म्हणून कळवलं सरकारनं. आई मरंपतोर कुंकू लावायची. ती गेली तवा भावकी कुजबुजायला लागली, हिला विधवा म्हणून न्यायची का सवाष्ण म्हणून? मी म्हटलं, हिरवं लुगडं आणा."

मग खालमानेनं म्हणाले, "हुशार जनरल माणसं उगंच मरायला धाडत न्हाय. कुठंतरी ऱ्हायलं असतील."

त्या दिवसापासून मी जर्मनाचं नाव काढलं नाही.

मित्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका सकाळी तो मोबाइल नाचवतच आला. "ऐका अण्णा, तुमच्या हुशाराचे प्रताप. त्या डोंगरावर चढायची गरजच नव्हती म्हणे. नुसती माणसं घालवली."

"परत वाच," ते म्हणाले. त्यानं वाचलं. चहा तसाच टाकून ते उठले.

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. वडलांच्या नावानं आयुष्यात पहिल्यांदा घास ठेवला होता. भात, वडे, खीर. शेजारच्या गच्च्यांवरचे घास कावळ्यांनी केव्हाच उचलले. आमच्या कठड्यावर एक आला, मान वाकडी करून पानाकडं बघत बसला आणि उडून गेला. ऊन चढलं. खालून सून जेवायला हाका मारत होती. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, काहीतरी कबूल करा त्यांना. इच्छा राहिली असेल."

ते वळले. डोळे भरलेले, पण चेहरा उजळलेला.

"शिवला न्हाय, बघितलंस? मेलेल्याचा घास कावळा सोडत न्हाय. अजून हाईत ते."

त्यांनी पान उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन सुनेला सांगितलं, "एक ताट जास्त मांड, बाळ. आबा जेवायचं हाईत."

सुनेनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ताट मांडलं.