राहुकाळात निघालो

पन्नासच्या दशकात मद्रासला नोकरी लागली, तेव्हा तिरुवल्लिकेणीत एका तंजावरी मराठी जोडप्याकडे मी दीड वर्ष राहिलो. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, दोघंच. काकूंनी मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं आणि पोराला विचारावं तसं, कुठे गेला होतास, काय खाल्लंस, हेही रोज विचारलं. मला सिगारेट ओढायची होती, ऑम्लेट खायचं होतं. दोन गल्ल्या पलीकडे सड्या नोकरदारांची मॅन्शन होती, तिथे खोली ठरवली. पण काकूंना सांगायचा धीर होईना. त्या रडल्या असत्या आणि मी राहिलो असतो.

मग एक गंमत ध्यानात आली. राहुकाळात हे दोघं उंबरा ओलांडत नसत. रविवारी साडेचार वाजले की मास्तर ओट्यावरून उठून आत माजघरात जाऊन बसत, ते सहापर्यंत. ज्या वेळी कुणीच निघत नाही, त्या वेळी निघणाऱ्याकडे बघणार कोण? हे खरंच जमतं का, याचंच मला कुतूहल लागून राहिलं. ‘ऑफिसने जागा दिली’ अशी चिठ्ठी उशीवर ठेवली आणि पावणेपाचला ट्रंक खांद्यावर घेऊन निघालो. दाराशी चिटपाखरू नव्हतं. मी स्वतःवर बेहद्द खूश.

सोमवारी संध्याकाळी मास्तर मॅन्शनच्या जिन्यात उभे. मी ओशाळलो, पण ते रागावलेले दिसेनात.

“तिनं खिडकीतून पाहिलं तुला, ट्रंक घेऊन इकडे वळताना,” ते म्हणाले.

“मग हाक का नाही मारली?”

“जाणाऱ्यास मागून हाक मारू नये. उगी राहिली. पण राहुकाळात निघालास, म्हणून कालपासून धड जेवली नाही. बुधवारी सांजेला नल्ल नेरम आहे, चांगली वेळ. ट्रंक घेऊन ये नि घरातून पुन्हा नीघ.”

बुधवारी ट्रंक परत वाहून नेली. मॅन्शनमधल्या मंडळींनी मला वेड्यात काढलं. काकूंनी देवाला नमस्कार करायला लावला, तळहातावर दही घातलं. चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. मला स्वतःची लाज वाटली.

“काकू, ऑफिसने जागा दिली नाही. मीच शोधली.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “दही खा आधी. वेळ टळेल.”