मफिटचा रॅक

नव्वदच्या दशकात मी बहरीनला, सलमाबादमधल्या एका एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन होतो. मी नागपूरकडचा. तिथं दुसरे मराठी म्हणजे कराडकडचे एक काका, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. बाकी सगळे मल्याळी आणि पाकिस्तानी, आणि सुपरवायझर बहरीनी.

एका उन्हाळ्यात मी गिऱ्हाइकाच्या घरी जळका कॉम्प्रेसर बसवून आलो. चांगला आणि निकामी माल एकाच रॅकवर असायचा. निकामीवर कुणी 'खराब' लिहायचं, कुणी नुसती फुली मारायचं. फुली म्हणजे तपासलेला, असं मी धरून चाललो. सुपरवायझरनं मला सगळ्यांसमोर झापलं. चूक माझीच होती.

चहाच्या वेळी काका म्हणाले, "सगळ्यास्नी कळंल असा एकच शब्द पायजे बघ."

"मफी लिहा ना," मी म्हणालो. अरबीतलं हे 'नाही' तिथं सगळ्यांच्याच तोंडी होतं.

"नुसतं मफी म्हंजे मालच न्हाई असं वाटंल. फिट न्हाई, हे कळाय पायजे." ते थोडा वेळ पुटपुटत राहिले. "मफी फिट... मफिट."

आणि उठून त्यांनी त्या परत आणलेल्या जळक्या कॉम्प्रेसरवर खडूनं इंग्रजी अक्षरांत तसं लिहूनही टाकलं.

महिन्याभरात शब्द सगळीकडे रुळला. मल्याळी स्टोअरकीपरला ताप आला तर तो फोनवर सांगायचा, "आज मैं मफिट." एकदा मालक पाहणीला आले तेव्हा मालावर खडूनं लिहिलेला तो शब्द वाचून त्यांनी विचारलं, ही कुठली कंपनी? सुपरवायझरनं अरबीत समजावलं. मालकांनी शब्द दोनतीनदा उच्चारून पाहिला, हसले, आणि निकामी मालाचा वेगळा रॅक करून त्यावर पाटी लावायला सांगितली.

पेंटरनं पाटी अरबी आणि इंग्रजीत रंगवली. काका त्याला म्हणाले, "शब्द हमारा है, नीचे मराठी भी लिखो." त्याला ती लिपी येत नव्हती, म्हणून ब्रश माझ्या हाती आला. शाळा सुटल्यापासून एवढ्या मोठ्या अक्षरांत मी मराठी लिहिलं नव्हतं.

"वेलांटी जरा मोठी काढ," काका मागून म्हणाले.

मी ती पुन्हा गिरवली. त्या शुक्रवारी घरी पाठवलेल्या पत्रात हवापाण्याचं काहीच नव्हतं. दीड पान त्या पाटीबद्दलच होतं.