शेवटच्या रिळाचा डबा

दादांच्या खाटेखाली पत्र्याचा एक गोल डबा होता आणि त्या घरात त्याला कोणी हात लावत नसे. केर काढताना भावजय झाडू त्याच्या कडेकडेने फिरवायची, जणू तिथे कोणी झोपलंय. डब्याला एका बाजूने मोठा पोचा पडला होता. आत एका जुन्या घोडेस्वारांच्या सिनेमाचं शेवटचं रीळ. दादांनी ते कधी उघडलंच नव्हतं.

दादा थेटरात ऑपरेटर होते. अख्खी उमर वरच्या केबिनमधे गेली, लग्नाचं राहिलं ते राहिलंच. आणि गंमत म्हणजे त्यांनी धड एकही सिनेमा बघितला नव्हता. ऑपरेटरचं सगळं ध्यान पडद्याच्या कोपऱ्यात! तिथे ठिपका चमकला की एक मशीन बंद, दुसरं चालू. जरा चुकलं की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. हिरॉइन रडो नाहीतर हिरो मरो, दादा आपले कोपरा बघत उभे. धाकटा भाऊ त्यांना चिडवायचा, दादा, तुला कुठल्याही सिनेमाची स्टोरी विचारली तर तू उजवा कोपरा सांगशील.

हा धाकटा सायकलवरून रिळं न्यायचा. गावात थेटरं दोन आणि प्रिंट एकच. तिकडचा खेळ आधी सुरू व्हायचा, तिकडे रीळ संपलं की तो डबा कॅरिअरला बांधून सुसाट इकडे. जिना दोन दोन पायऱ्या टाकत वर, डबा दादांच्या हातात, की पुन्हा सायकल. घामाने निथळायचा पण तोंड बंद नाही.

मग तो घोडेस्वारांचा सिनेमा आला. ओसाड माळावरचं गाव, तिथला शेरीफ म्हणजे फौजदार, आणि तोंडावर काळा रुमाल बांधलेला एक स्वार. तो शेरीफला घोड्यावरून पाडतो, गोळी घालतो आणि गायब होतो. मारणारा गावातलाच आहे, पण कोण? ते थेट शेवटच्या रिळात. धाकट्याने सकाळीच तिकडे ट्रायलला पूर्ण बघून घेतला होता. दुपारच्या खेळाला दर डब्यासोबत तो दादांना डिवचत होता.

"बँकवालाच असणार," दादा म्हणाले.

"बँकवाला! अरे, तुझं डोकं आहे का खोबरं?"

"मग सांग ना कोण."

"नाही सांगत जा. शेवटी तोच खून परत दाखवतात, पण रुमालाशिवाय. त्या वेळी कोपरा सोड आणि पडदा बघ."

असं म्हणून तो शेवटचं रीळ आणायला गेला. आणि आलाच नाही.

पडदा पांढरा झाला. खाली शिट्ट्या, मग शिव्या, मग खुर्च्या आपटायला लागल्या. दादा खिडकीतून रस्त्याकडे बघत पुटपुटले, कुठे मेला हा. घरोघरी म्हणतात तसं, सहज. एका गोदामातून मागे येणाऱ्या ट्रकला सायकल दिसलीच नव्हती. डबा घरंगळत पार गटारापर्यंत गेला होता, फिल्म रस्ताभर. तिकडच्या ऑपरेटरने ती गोळा केली, हाताला येईल तशी गुंडाळली आणि डबा दादांच्या घरी आणून ठेवला. कंपनीने नवं रीळ पाठवलं, सिनेमा पुढे जोरात चालला, पण तेव्हा दादा सुतकात घरी होते, मशीनवर दुसराच माणूस होता. "कुठे मेला" हे शब्द दादांनी नंतर कधी कोणासाठी काढले नाहीत.

धाकट्यामागे भावजय शाळेचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत दादा, मागच्या खोलीत तिचं मशीन, असे दोघं म्हातारे झाले. घरात त्या सिनेमाचं नाव कोणी घेत नव्हतं. थेटरात लोक शेवट सांगायला लागले की दादा उठून जायचे. जोवर शेवट बघितला नाही, तोवर धाकट्याचं काहीतरी सांगायचं बाकी होतं ना! तेवढं त्यांना पुरत होतं.

पण मग डोळे गेले. म्हणजे जायला लागले. कडेकडेने अंधार आत सरकत होता आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे आता थांबायचं नाही. त्यात थेटर बंद पडलं. मालकाने निरोप पाठवला, उद्या मशीन भंगारात जाणार, एकदा बघायचं असेल तर आज या.

दादा जेवले नाहीत. ताटावरून उठले, खाटेखाली वाकले आणि डबा ओढून बाहेर काढला. भावजय हातातलं कापड ठेवून उठली आणि न विचारता चपला घालायला लागली.

दुपारचं थेटर रिकामं होतं, खुर्च्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले. ती मधोमध एका उरलेल्या खुर्चीवर बसली. दादा जिना चढले, दिवा पेटवला, रीळ मशीनवर चढवलं. फिल्मचं टोक उजेडात धरून उलट-सुलट बघायची सवयसुद्धा त्या घाईत विसरली. जन्मात पहिल्यांदा.

मशीन सुरू झालं. पडद्यावर सगळंच उलटं! जमीन वर, आभाळ खाली, घोडे पाय वर करून मागे मागे पळतायत. आवाज नुसता गुरगुरत होता. रस्त्यावरून उचलून गुंडाळलेली फिल्म, शेवटचं टोक बाहेर राहिलेलं. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही. दादांचा हात बटणावर गेला.

तेवढ्यात तो माणूस दिसला. रुमालाशिवाय. घोड्यांना नाल ठोकणारा तो लंगडा, बिचारा बिचारा म्हणून सगळ्या सिनेमात ज्याची कीव येते तोच, ताठ दोन पायांवर. उलटा दिसला तरी दादांनी ओळखला. आणि धुळीत पडलेला शेरीफ उठला. गोळी निघून गेली, छातीवरचा डाग पुसला गेला, तो उडून घोड्यावर बसला आणि घोडा त्याला मागे मागे घेऊन गेला. जिथून निघाला होता तिथे, धडधाकट.

दादांनी बटण सोडलं.

भावजय केव्हा वर आली ते कळलंच नाही. शेजारी येऊन उभी राहिली.

"उलटं लागलंय गं," दादा म्हणाले.

"राहू दे."

"लंगडा होता तो. नालवाला."

"माहितेय मला."

दादांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"सकाळी ट्रायलवरून आले आणि मला सांगून टाकलं. पोटात काही राहायचं का त्यांच्या? वर म्हणाले, दादाला बोलू नकोस. शेवटचं रीळ दिलं की मी तिथेच थांबणार. मला दादाचा चेहरा बघायचाय."

म्हणजे त्या दिवशी तो परत जाणार नव्हता. इथेच, या मशीनपाशी उभा राहणार होता.

दादा पुन्हा पडद्याकडे वळले. डोळ्यांत पाणी आलं तसं उरलंसुरलं दिसायचंही गेलं, तरी ते बघत राहिले. घोडा मागे मागे जात लहान झाला.

भावजयीने पडद्याकडे पाहिलंच नाही. मशीनच्या उजेडात ती रीळ संपेपर्यंत दादांचा चेहरा बघत उभी होती.