राळेगावचं मौन आणि माझी जीभ

यवतमाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा मला घ्यायला कुणी येणार नव्हतं. एरवी त्याचं काही वाटत नाही. त्या सकाळी वाटलं.

पंधरा वर्षं पुण्यात घरकामगार बायांच्या संघटनेत घालवली. मागच्या महिन्यात वंदना, चार घरची धुणीभांडी सांभाळून पहिल्या दिवसापासून सोबत असलेली, म्हणाली, "तू आमच्यासाठी भांडतेस, पण आमचं ऐकत नाहीस." ती यायची बंद झाली. ती गेली की बाकीच्याही जाणार, आणि एकटीची कसली संघटना? कुणीतरी कार्यकर्त्यांसाठीचं हे ध्यानशिबिर सुचवलं, म्हणून निघाले.

राळेगावच्या एसटीतून दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी (कपाशी) दिसत होती. शिबिर भरणाऱ्या बौद्ध विहाराच्या फाटकात व्यवस्था पाहणारे गुरुजी भेटले. "जय भीम, ताई. आता दहा दिवस बोलनं बंद!"

शिबिरात सगळे माझ्यासारखेच, चळवळीत झिजलेले. पण एकमेकांकडे बघायचीही मनाई. इतक्या माणसांत इतकं एकटं मी कधी बसले नव्हते. गुडघे दुखले, रडूही आलं. सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी मात्र रोज खुणेनेच दोनदा वाढून घेतली.

पाचव्या दिवशी लक्षात आलं, की स्वयंपाक करणाऱ्या शांताबाई पंगतीत कधीच नसतात. सगळ्यांचं आटोपलं की मागच्या निंबाखाली एकट्या जेवतात. जित्याची खोड! मी मौन मोडलं, गुरुजींना गाठलं आणि चक्क विहाराच्या दारात उभं राहून त्यांना समता शिकवली. ते बिचारे ऐकत राहिले. शेवटी शांताबाईच हात पुसत आल्या.

"ताई, तुमी कायले भांडून राह्यल्या?"

"तुमच्यासाठीच."

"मले इचारलं का? घरी सात मानसं हायेत. साऱ्या दिवसात येवढाच टाइम मले चुपचाप बसाले भेटते."

त्या परत निंबाखाली गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वंदनाने तरी दुसरं काय सांगितलं होतं?

दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि ओसरीवर एकच गलका झाला. मोर्चे, निवेदनं, कोर्टाच्या तारखा. मला बोलवेना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"इथे बसू का थोडा वेळ?"

"बसा ना," म्हणून शांताबाई भाकरी थापत राहिल्या.

परतीच्या गाडीत वंदनाला फोन लावला. तिने उचलला.

"बोल," ती म्हणाली.

"तू बोल. मी ऐकते."

ध्यानाने मन स्थिर होतं म्हणतात; माझं झालं नाही. इतक्या वर्षांत मी तिला हे एकदाही म्हटलं नव्हतं. यवतमाळ मागे पडलं. ती बोलत राहिली, आणि मी मध्ये बोलले नाही.