पिवळ्याचा त्याग

पत्नीच्या तेरवीसाठी तिचा जुना फोटो मोठा करून घ्यायला मी गोंदियातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. मालकानं संगणकाकडून रंगीत डागांची चित्रं काढून घेऊन भिंतीवर विकायला लावली होती. त्यांच्यासमोर एक अनोळखी गृहस्थ मुठीची दुर्बीण करून उभे होते.

"अहाहा! पिवळ्याचा त्याग पाहा!" त्यांनी मलाच ओढलं.

"साहेब, पिवळी शाई सरली होती," मालक म्हणाला.

"सरली नाही, कलावंतानं सोडली!"

"कायचा कलावंत जी? मशीन आहे."

"मशीननं सोडली? मंग तर हे वैराग्यच झालं!" त्यांनी आनंदानं टाळीसाठी हात पुढे केला. मीही टाळी दिली.

तेवढ्यात पत्नीचा फोटो छापून आला. माझ्या डोळ्यांसमोर तिचा दवाखान्यातला ओढलेला चेहराच होता. कागदावरही तोच दिसेल, या भीतीनं मी फोटो न पाहताच त्या गृहस्थांच्या हाती दिला. आता तिच्यावरही व्याख्यान होणार, म्हणून अंग चोरून उभा राहिलो.

त्यांनी फोटो उजेडात धरला.

"अरे, बाई हासून राहिल्या!" एवढंच ते म्हणाले.

मग मी पाहिलं. खरंच हसत होती.